हाडवैद्याच्या दारातील गर्दी

आमच्या यवतमाळ जिल्ह्यात हात मोडलेला माणूस हाडवैद्याकडे गेला की शहाणी मंडळी नाक मुरडतात आणि 'अडाणी' एवढे म्हणून मोकळी होतात. मला हा निवाडा मुळीच मान्य नाही. तो माणूस हिशेबी आहे.

सीतादही होऊन वेचणी सुरू झाली आहे आणि उमरखेडकडच्या एखाद्या बाईचे मनगट बांधावरून पडून मोडले, असे समजा. यवतमाळचे सरकारी वैद्यकीय महाविद्यालय १९८९ साली निघाले खरे, पण तिच्यापासून ते शंभरावर किलोमीटर. महात्मा फुले योजनेत शस्त्रक्रिया फुकट होईल. पण नवऱ्याची बुडालेली मजुरी, बसभाडे आणि पुन्हा पुन्हा दाखवायच्या खेपा कोणत्या योजनेत बसतात? हाडवैद्य शेजारच्याच गावी असतो. तो हात हाती घेतो, बोटांनी चाचपतो, माहेर कोणते म्हणून विचारतो आणि पट्टी कधी सुटेल ते सांगतो. दवाखान्यात हाताचा फोटो पाहतात, हात पाहायला सवड नसते. त्यातून 'रॉड टाकावा लागेल' हे शब्द कानी पडले की अर्धे लोक तिथूनच परततात. रॉड कशासाठी, हे सांगायला दोन मिनिटे लागतात; ती कोणी देत नाही.

म्हणून मी हाडवैद्याची आरती ओवाळीत नाही. त्याच्याकडे येणाऱ्यांतले कितीतरी नुसते मुरगळलेले असतात. पुष्कळ हाडे स्थिर ठेवली की आपोआप सांधतात, लहान मुलांची तर वाकडी सांधलेलीही बरीच सरळ होतात. श्रेय मात्र कांडवेलीच्या लेपाला! पण त्याच्या कामट्या करकचून बसल्या की आतल्या स्नायूंचे रक्त तुटते आणि काही तासांतच ते मरू लागतात. मग बोटे पंज्यासारखी आखडतात, ती कायमची. फोल्कमान या जर्मन शल्यवैद्याने १८८१ साली याचे वर्णन केले. सुश्रुतसंहितेत तर त्याच्या कितीतरी आधी बजावले आहे की पट्टी सैल असेल तर सांधा स्थिर होत नाही आणि घट्ट असेल तर सूज, वेदना व पू होतो. परंपरेचे नाव सांगणाऱ्याला परंपरेतलेच हे ठाऊक नसावे!

पण ते त्याला सांगणार कोण? 'कायदा त्याला वैद्य मानीत नाही' म्हणून आमचे डॉक्टर हात झटकतात. कायद्याने सुईणीला तरी कुठे डॉक्टर मानले होते? १९७० च्या दशकात सरकारनेच तिला शिकवले. वेल्समधल्या अँगलसीच्या एका हाडवैद्य घराण्यातल्या इव्हान टॉमसने आपल्या मुलांना वैद्यकीय शिक्षण दिले; त्यांतल्या ह्यू ओवेन टॉमसच्या पट्टीने पहिल्या महायुद्धात मांडीचे हाड मोडलेल्या असंख्य सैनिकांचे प्राण वाचवले. शस्त्रवैद्यकाला त्या घराण्याचा विटाळ झाला नाही.

तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयात हाडवैद्यांना एक दिवस बोलवावे. नखे निळसर किंवा पांढरी पडली, बोटे बधिर झाली, ती सरळ करताना रुग्ण किंचाळला, तर पट्टी तत्काळ सोडायची. आणि जखमेतून हाड दिसत असेल तर हातच लावायचा नाही, एवढे त्यांच्याकडून घोकून घ्यावे. आणि वेळेवर पट्टी सोडून ज्याने रुग्ण धाडला, त्याच्यावर दवाखान्यात चारचौघांत डाफरू नये; पुढच्या खेपेस तो धाडणार नाही.