टायर ‘किती चालेल?’

मोटारसायकलीसाठी नवे टायर घ्यावयास गेलेला शिरूर-दौंड भागातील गिऱ्हाईक दुकानाच्या पायरीवरूनच ‘किती चालेल?’ असे विचारतो, आणि दुकानदारही, या प्रश्नाला एकच एक प्रामाणिक उत्तर असू शकत नाही हे पुरते जाणत असूनही, व्यवहार अडू नये म्हणून पंचवीस-तीस हजार किलोमीटरचा आकडा सांगून मोकळा होतो. साध्या शंभर-सव्वाशे सीसीच्या गाडीचे मागचे टायर, एकटा मनुष्य, बरा डांबरी रस्ता आणि वेळच्या वेळी हवा एवढी अनुकूलता लाभल्यास, त्या आकड्याच्या आसपास पोचते हे खरे. पुढचे त्याहूनही अधिक टिकते, कारण इंजिनाची ओढ आणि बहुतेक भार मागच्या चाकाला सोसावा लागतो. परंतु ही सारी अनुकूलता एकाच इसमाच्या वाट्याला येणे या दोन तालुक्यांत दुर्मीळ. सबब किलोमीटरचा हिशेब सोडून टायरच्या खाचांची खोली आणि रबराचे वय पाहण्याची सवय लोकांना, आणि लोकांहून अधिक सरकारी यंत्रणेला, लागली पाहिजे, असे माझे मत आहे.

रांजणगावच्या औद्योगिक वसाहतीत पाळीवर जाणाऱ्या कामगाराचे टायर महामार्गाच्या सरळ रेषेत धावून मधोमध झिजते व चपटे होते. न्हावरे-मांडवगण बाजूच्या वस्त्यांवरून दोन्ही अंगांना किटल्या टांगून संकलन केंद्र गाठणाऱ्या दूधवाल्याची गोष्ट निराळी. चाळीस लिटरच्या दोन भरल्या किटल्या म्हणजे ऐंशी किलोंहून अधिक वजन, अर्थात एक धडधाकट मनुष्यच. तो रोज, खडीच्या रस्त्याने, खड्ड्याखड्ड्यांतून मागच्या चाकावर बसून जातो. एकेकाळी हे काम राजदूतने आणि पुढे एम-एटीने केले. त्या गाड्या गेल्या, ओझे राहिले. त्यातच गळीत हंगाम सुरू झाला, की शिरूरहून न्हावरे, पारगावमार्गे चौफुल्याला जाणाऱ्या रस्त्यावर उसाच्या ट्रॉल्या शेतातली काळी माती आणून टाकतात, आणि भीमा-घोडच्या काठची वाळू वाहणारी वाहने उरलीसुरली कसर भरून काढतात. डांबरावर सांडलेल्या वाळूत ब्रेक दाबला असता टायरही घासते आणि स्वारही.

तथापि रस्त्याला सर्वस्वी दोषी धरणे हा स्वतःची सुटका करून घेण्याचा सोपा मार्ग होय. बेलफास्टच्या डनलॉप नावाच्या पशुवैद्याने १८८८ साली आपल्या मुलाच्या तीनचाकीला हवेची नळी बसविली तेव्हापासून भार वाहते ती हवा. रबर हे तिचे केवळ वेष्टन. ती कमी पडली की टायरच्या बाजू प्रत्येक फेऱ्याला दुमडतात आणि सरळ होतात, त्या दुमडण्याने आतल्या आत उष्णता निर्माण होते, कडा लवकर झिजतात आणि दोऱ्यांचे थर सैल पडतात. ती फाजील झाली की मधला पट्टाच तेवढा जमिनीला टेकतो व तेवढाच खपतो. पंक्चर नसतानाही नळीतून हवा महिन्याकाठी थोडी थोडी निसटत असते, आणि मागे माणूस किंवा ओझे घ्यावयाचे तर मागच्या चाकात किती अधिक हवा हवी हे गाडीच्या पुस्तिकेत छापलेले असते. पण ती पुस्तिका गाडीच्या कागदपत्रांबरोबर ट्रंकेत पडलेली, आणि हवा अंगठ्याने दाबून पाहण्याची आमची रीत! पेट्रोल पंपावर फुकट मिळणाऱ्या या एका वस्तूसाठी रांग लागलेली कोणी पाहिली आहे काय?

ऋतूंचाही यात वाटा आहे. एप्रिल-मे महिन्यांत चाळीस अंशांपलीकडच्या उन्हात तापलेल्या डांबरावर मऊ पडलेले रबर झपाट्याने झिजते. पावसाळ्यात झीज मंदावते खरी, पण ओले रबर खडीच्या धारेने सहज चिरते, आणि पाणी बाहेर सारणाऱ्या खाचा उथळ झाल्या असतील तर चाक रस्त्यावरचे पाणी कापीत नाही, त्यावर तरंगते. उलट बाजूने, आठवड्यातून एकदा बाजाराला जाणारी आणि एरवी अंगणात उन्हात उभी असणारी गाडी घ्या: तिच्या टायरच्या खाचा नव्यासारख्या खोल दिसतात, पण ऊन आणि हवेतील ओझोन यांनी बाजूंना बारीक चिरा पाडलेल्या असतात. टायरच्या बाजूवर चार अंक कोरलेले असतात, पहिले दोन निर्मितीच्या आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. दुकानात ते वाचून घेतले, तर ‘नवे’ म्हणून हाती पडणारे टायर गोदामात किती काळ पडून होते याचा उलगडा तत्काळ होतो.

आता कायद्याकडे वळू. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ यांतील नियम ९४ अन्वये दुचाकीच्या टायरच्या खाचा ०.८ मिलिमीटरहून उथळ असता कामा नयेत, आणि ती मर्यादा दाखविणारे छोटे उंचवटे खाचांच्या तळाशी मुद्दाम ठेवलेले असतात. नियम निर्दोष आहे, अंमलबजावणीचे काय? खाजगी मोटारसायकलीची नोंदणी एकदा झाली, की पंधरा वर्षे तिची ठरावीक तपासणी म्हणून नाही. ज्या केंद्रात ती नियमाने न्यावी लागते ते पीयूसीचे. आणि तेथे गाडीचा धूर मोजतात, चाकाकडे पाहण्याचे कोणाचे कर्तव्यच नाही. धुराचा दाखला देणाऱ्या त्याच इसमाच्या हाती खोली मोजण्याची पट्टी आणि हवेचा गेज का देऊ नये? दोन्ही साधने स्वस्त आहेत आणि काम काही मिनिटांचे आहे. पाबळ येथे डॉ. कलबागांनी १९८३ मध्ये विज्ञान आश्रम स्थापन करून खेड्यातील मुलांना हाताने काम करीत शिकण्याची वाट ज्या तालुक्यात घालून दिली, तेथे हे मोजमाप शिकविण्यास माणसे मिळणार नाहीत असे म्हणवत नाही.

यावर आक्षेप येईल तो असा, की गरिबाला आणखी एक जाच. आक्षेप खोटा नाही. गुळगुळीत टायरवर फिरणारा दूधवाला हौसेने फिरत नसतो. म्हणून प्रथम केवळ दाखल्यावर नोंद करावी आणि टायर बदलण्यास पुढील दाखल्यापर्यंतची मुदत द्यावी, दंडाची भाषा तोवर तहकूब ठेवावी; आणि त्याच न्यायाने, रस्त्यावर माती व वाळू सांडणाऱ्या वाहतूकदारांकडून ती उचलून घेण्याची तजवीज सार्वजनिक बांधकाम खात्याने पुढचा गळीत हंगाम उजाडण्यापूर्वी करावी.