रिकाम्या मथळ्याखालचे गाव

मराठी विकिपीडियावर महाराष्ट्रातील एखाद्या लहानशा गावाचे नाव शोधून पाहावे. पान बहुधा सापडते. ‘भौगोलिक स्थान’, ‘हवामान’, ‘लोकजीवन’, ‘प्रेक्षणीय स्थळे’, ‘नागरी सुविधा’ असे मथळे त्यावर एकाखाली एक मांडलेले असतात. हवामानाची चार वाक्ये तर कितीतरी गावांना जशीच्या तशी चिकटवलेली दिसतात. आणि ‘लोकजीवन’ या मथळ्याखाली पुष्कळदा एक ओळही नसते.

हा मराठी ज्ञानकोश १ मे २००३ रोजी, महाराष्ट्रदिनी सुरू झाला. मूठभर स्वयंसेवकांनी पदरमोड करून, रात्री जागून हजारो गावांच्या पानांचे सांगाडे उभे केले. त्यांना दोष देणे कृतघ्नपणाचे ठरेल. पुण्यात किंवा मुंबईत बसलेल्या माणसाला दूरच्या वाडीतल्या यात्रेची, बलुतेदारीची, आटलेल्या ओढ्याची माहिती असणार कोठून? ती असते गावात, आणि गावात शाळाही असते. मराठी शाळांतील समाजशास्त्रांच्या अध्यापनाचा खरा प्रश्न या रिकाम्या मथळ्यापाशी येऊन ठेपतो.

इतिहास, भूगोल आणि नागरिकशास्त्र हे विषय आपल्याकडे पाठांतराचे मानले गेले. पाठ्यपुस्तके सुधारली हे मान्य केले पाहिजे. प्राथमिक वर्गांत ‘परिसर अभ्यास’ आला, दहावीच्या भूगोलाचा पहिला पाठच क्षेत्रभेटीचा आहे. तथापि ‘प्रकल्प’ नावाचा जो विधी घरोघरी पार पडतो तो पालकांना पुरेपूर ठाऊक आहे. दुकानातून किल्ल्यांच्या चित्रांचा तक्ता आणायचा, आईने कातरायचा, वडिलांनी महाजालावरून दोन परिच्छेद छापून आणायचे आणि मुलाने डिंक लावायचा. त्या वहीला वाचक एकच, शिक्षक. आणि साठ वह्या समोर असल्यावर तोही ती वाचतोच असे नाही. जे लेखन कोणी वाचणार नाही, ते खरे असण्याची गरज मुलाला का वाटावी?

दूरदूरच्या मुलांनी मिळून एक काम करावे, हा प्रयोग जगाला नवा नाही. १९८८ साली, शीतयुद्ध पुरते ओसरलेही नव्हते तेव्हा, न्यूयॉर्क राज्यातील बारा आणि मॉस्कोतील बारा शाळा संगणकाच्या तारेने जोडल्या गेल्या. त्यातून पुढे ‘आयअर्न’ हे शाळांचे जागतिक जाळे निर्माण झाले. २००६ साली अमेरिकेच्या जॉर्जिया राज्यातील कॅमिला या छोट्या गावची शाळा आणि ढाक्यातील एक आंतरराष्ट्रीय शाळा यांच्या विद्यार्थ्यांनी जागतिकीकरणावर एकत्र लेखन केले. प्रयोग स्तुत्य होते. पण परदेशी मित्राशी गप्पा मारणे आणि आपल्या गावाविषयी जबाबदारीने लिहिणे यांत अंतर आहे. दुसरे काम अधिक अवघड, म्हणूनच अधिक शिकवणारे.

अवघड का, ते विकिपीडियाच्या नियमांवरून कळते. तेथे कोणीही लिहू शकतो, पण लिहिलेल्या विधानाला प्रकाशित आधार द्यावा लागतो. तो नसल्यास ‘संदर्भ हवा’ अशी खूण लागते किंवा वाक्य उडवले जाते. दुसऱ्याचा मजकूर उचलला तर तोही काढला जातो. प्रत्येक पानामागे चर्चेचे पान असते, तेथे वाद घालता येतो. मात्र आवाज चढवून तो जिंकता येत नाही. इतिहासाच्या तासाला जे क्वचितच शिकवले जाते, ते येथे नियम म्हणून समोर उभे राहते.

अंबरनाथचे शिवमंदिर घ्या. पांडवांनी ते एका रात्रीत बांधले, अशी आख्यायिका परिसरात पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जाते. मंदिरातील शिलालेख मात्र शके ९८२, म्हणजे इसवी सन १०६०चा आणि शिलाहार राजवटीचा आहे. या मंदिरावर लिहिणाऱ्या वर्गाने काय करावे? आख्यायिका पुसावी, असे म्हणणारे थोडे नाहीत. तीच इतिहास म्हणून छापावी, असे म्हणणारेही थोडे नाहीत. वास्तविक दोन्ही लिहावे: लोक असे सांगतात, शिलालेख असे सांगतो. त्यामुळे श्रद्धेला धक्का लागत नाही. उलट शिलाहारांच्या काळी या मातीत असे शिल्प घडवणारे हात होते, हे कळल्यावर मुलाची मान अधिकच ताठ होते.

येथे एक कटू प्रसंग आठवावा लागतो. २०२५च्या फेब्रुवारीत छत्रपती संभाजी महाराजांविषयीच्या इंग्रजी विकिपीडियावरील मजकुरावरून महाराष्ट्रात क्षोभ उसळला. राज्याच्या सायबर पोलिसांनी तो ज्ञानकोश चालवणाऱ्या विकिमीडिया प्रतिष्ठानाला नोटीस बजावली, काही संपादकांवर गुन्हाही नोंदवला गेला. संताप समजण्याजोगा होता. पण जे संतापले, त्यांपैकी किती जणांनी त्या मजकुराखालचे संदर्भ उघडून पाहिले? महाराजांची प्रतिमा यापूर्वीही मलिन केली गेली होती. मल्हार रामराव चिटणीसांच्या बखरीने आणि तिच्यावर पोसलेल्या नाटकांनी ती केली होती. ती उजळली ती वा. सी. बेंद्रे यांनी, दशकानुदशके कागदपत्रे धुंडाळून १९६० साली सिद्ध केलेल्या चरित्राने. कमल गोखले यांच्या संशोधनाने. हे ग्रंथ आधार म्हणून तेथे नेमकेपणाने मांडणारे दहा तरुण आधीच घडले असते, तर त्या वादात मराठी बाजू अधिक भक्कम उभी राहिली असती. असे तरुण आठवी-नववीच्या वर्गातच घडतात. नोटिशीने घडत नाहीत.

अर्थात या नियमांचीही एक मर्यादा आहे, आणि ती आपल्या समाजाला विशेष जाचते. आजीची आठवण विकिपीडियाला चालत नाही. १९७२च्या दुष्काळात रोजगार हमीच्या खडी फोडणाऱ्या स्त्रियांनी काय सोसले, पाझर तलाव कोणाच्या श्रमातून उभा राहिला, हे बहुतेक गावांत केवळ स्मरणात आहे. ज्या समाजाचे पुष्कळसे ज्ञान मौखिक आहे, त्याच्यावर छापील आधाराची अट हा एका अर्थी अन्यायच. पण त्यावर उपाय नाही असे नाही. वि. का. राजवाडे गावोगावच्या वाड्यांतून दप्तरे गोळा करीत हिंडले, तेव्हा तीही छापलेली नव्हती. त्यांनी ती ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ म्हणून २२ खंडांत छापली. शाळेने आजी-आजोबांच्या मुलाखती नोंदवाव्यात, ताडून पाहाव्यात, जिल्ह्याच्या दैनिकाकडे लेख म्हणून पाठवाव्यात. छापून आले, तर दाखवायला आधार तयार होतो.

शिवाय डोळ्यांनी पाहिलेल्या गोष्टीला जेथे मान आहे, अशीही कामे आहेत. ‘ओपनस्ट्रीटमॅप’ हा लोकांनी मिळून काढलेला जगाचा नकाशा २००४ साली इंग्लंडमध्ये सुरू झाला. २०१०च्या हैतीतील भूकंपानंतर मदतपथकांना रस्ते दाखवले ते याच नकाशाने, आणि ते रेखाटले होते देशोदेशीच्या स्वयंसेवकांनी. गावची पायवाट, पाणवठा, स्मशानभूमीकडे जाणारा रस्ता तेथे गावच्या मुलानेच टाकायचा असतो. महाराष्ट्रात रोहन काळे यांनी सुरू केलेल्या बारव मोहिमेने ठिकठिकाणच्या लोकांच्या साहाय्याने शेकडो जुन्या बारवा नकाशावर आणल्या. त्यांतील कित्येक कचऱ्याने बुजत चालल्या होत्या. नोंद झाली, मग तरुण फावडी घेऊन उतरले. नागरिकशास्त्राचा याहून चांगला धडा कोणता?

‘आमच्या शाळेत संगणक नाही, आहे तो बंद आहे’, हे उत्तर ठरलेले आहे आणि ते खोटेही नाही. परंतु या कामाचे नऊ दशांश अंग वहीत आणि पायांनी होते. जिल्ह्याचे गॅझेटियर, जनगणनेची जिल्हा पुस्तिका, ग्रामपंचायतीचे दप्तर, शाळेचे स्वतःचे जनरल रजिस्टर ही साधने धुंडाळायला पावसाळ्याचे तीन महिने पुरतात. जुन्या शाळेच्या रजिस्टरमधील व्यवसायांचा रकाना तर स्वतंत्र लेखाचा विषय व्हावा. महाजालाची गरज शेवटी, तीही शिक्षकाच्या एका भ्रमणध्वनीने भागते. मुलांची खरी नावे आणि छायाचित्रे मात्र तेथे मुळीच देऊ नयेत. खाते शिक्षकाच्या नावाचे असावे.

मग एखाद्या जानेवारीत ‘लोकजीवन’ या मथळ्याखाली पहिला परिच्छेद उमटेल. दुसऱ्याच दिवशी कोणा अनोळखी संपादकाने त्यातल्या एका वाक्यावर ‘संदर्भ हवा’ अशी खूण केलेली असेल. मुले चिडतील. शिक्षकाने त्या दिवशीचा तास रद्द करून गॅझेटियर पुन्हा उघडावे.