गोचर आणि अगोचर

माणसांप्रमाणे शब्दांनाही प्रवास घडतो. वडोदऱ्यात वाढणाऱ्या आम्हां मराठी विद्यार्थ्यांना असे प्रवासी शब्द पदोपदी भेटतात. त्यांतीलच एक 'गोचर'. गुजराती वृत्तपत्रात 'गौचर' म्हटले, की गुरांसाठी राखलेली गावाची सामाईक जमीन, म्हणजे आपले गायरान, असा अर्थ होतो. मराठीत मात्र गोचर म्हणजे इंद्रियांना जाणवणारे. ज्योतिषाच्या लेखी ते ग्रहांचे चालू भ्रमण. आणि अगोचर? जे दिसत नाही ते अगोचर. पण आजीच्या तोंडी, नको तेथे हात घालणारे पोरही अगोचरच!

अर्थांचा हा सारा गोतावळा एकाच कुरणातला आहे. गाय जेथे हिंडते, चरते ते गोचर, हा मूळ अर्थ. पुढे गाय जशी रानात, तशी इंद्रिये ज्या विषयांत वावरतात, तेही गोचर झाले. जैन साधूंच्या भिक्षेला 'गोचरी' म्हणतात, ती याच गाईवरून. गाय गवत वरवर खुडते, मुळासकट उपटीत नाही. तद्वत साधूने प्रत्येक घरून थोडेच घ्यावे, कोणासही भार होऊ नये. सामाईक वस्तूचा उपभोग कसा घ्यावा, याचा अवघा नीतिपाठ या एका शब्दात साठलेला नाही काय?

व्यवहारात मात्र या जमिनीला निरनिराळे अर्थ चिकटतात. गुराख्याला ती चारा वाटते, भूमिहीनाला भाकरी. कर्मवीर दादासाहेब गायकवाड यांच्या नेतृत्वाखाली १९५९ व १९६४ साली महाराष्ट्रात भूमिहीनांचे जे सत्याग्रह झाले, त्यांच्या मुळाशी ही भाकरीच होती. आणि धनदांडग्याला? त्याला ती बेवारस वाटते. सामाईक म्हणजे सर्वांचे. बेवारस म्हणजे कोणाचेच नव्हे. या दोन अर्थांची गल्लत झाली, की कुंपणे सरकू लागतात.

२८ जानेवारी २०११ रोजी सर्वोच्च न्यायालयाने पंजाबातील एका गावतळ्याच्या खटल्यात निकाल दिला आणि गावांच्या सामाईक जमिनींवरील अतिक्रमणे दूर करण्याच्या योजना आखण्यास सर्व राज्यांना सांगितले. भूमिहीन मजुरांना, अनुसूचित जाती-जमातींच्या लोकांना सरकारने रीतसर दिलेली जमीन, किंवा जेथे शाळा-दवाखाना उभा आहे ती जागा, असे अपवाद मात्र न्यायालयाने मान्य केले. मला हा विवेक मोलाचा वाटतो. भुकेल्याची भाकरी आणि लोभ्याचे कुंपण एकाच मापाने मोजू नये.

कोणी म्हणेल, "आम्ही शहरात राहतो; आम्हांला गायरानाशी काय कर्तव्य?" पण १८७९ साली श्रीमंत सयाजीराव महाराजांनी उभारलेली सयाजीबाग, सुरसागर तलाव, विश्वामित्रीचा काठ, ही आपली गोचरेच होत. नदीचा मोकळा काठ म्हणजे पुराच्या पाण्याचा विसावा. तो भरून टाकला, तर पाण्याने जावे कोठे? ऑगस्ट २०२४ मध्ये ते वडोदऱ्याच्या घराघरांत शिरले होते, हे आपण विसरू नये.

म्हणून मला वाटते, की सामाईक ठेव्याचे खरे रक्षण सर्वांच्या दृष्टीने होते. कायदा मागाहून येतो. आपल्या गावचे तळे, कुरण, मैदान कोठे आहे, केवढे आहे, हे प्रत्येक विद्यार्थ्यास ठाऊक असावे. जे नित्य गोचर असते, ते सहसा कोणी गिळंकृत करू धजत नाही. आपण पाठ फिरवली, की ते अगोचर होते. आणि मग अगोचर हातांना रान मोकळे मिळते.