वरचे पान

एम. ए.च्या वर्गाला मी वीस वर्षे एक वाक्य ऐकवत आलो : आशय हा गाभा, शैली म्हणजे नुसते वेष्टन. एकदा एका मुलीने उभे राहून विचारले, “सर, वेष्टन बदलले तर गाभा तोच राहतो?” मी हसून तिला खाली बसवले. वर्गही हसला.

गेल्या दिवाळीत भाचा अमेरिकेहून आला. राहतो कनेक्टिकटमध्ये. त्याने दोन चिरूट माझ्यापुढे ठेवले. एक फिका बदामी, दुसरा काळपट. “मामा, पोटातली तंबाखू दोन्हींत एकच. फरक फक्त वरच्या पानाचा.”

डॉक्टरांनी माझी सिगारेट केव्हाच बंद केलेली. तरी परीक्षकाच्या अधिकारात मी दोन-दोन झुरके घेतले. पहिला साईसारखा मऊ लागला. दुसरा जड, गोडसर, कडू कोकोची आठवण देणारा. मी चकितच झालो!

भाचा सांगू लागला. पोटातले मिश्रण, ते बांधून धरणारे पान आणि वरचे पान, असे चिरुटाचे तीन भाग. फिके पान मूळचे त्याच्याच राज्यातल्या नदीखोऱ्यातले. सुमात्राच्या तलम पानाशी टक्कर द्यायची म्हणून १९००च्या सुमारास तिथल्या शेतांवर कापडाचे मांडव पडले. ऊन गाळून आले की पान पातळ, नितळ आणि चवीला सौम्य होते. काळे पान उघड्या उन्हात वाढून जाड होते. मग राशी रचून ते अधिक काळ आंबवतात. राशीच्या पोटात उष्णता वाढते, तिखटपणा मावळतो, रंग आणि गोडी चढते.

आपल्या विडीच्या तेंदूपत्त्यात तंबाखूचा अंशही नसतो. म्हणून वेष्टन म्हटले की आपल्याला ते परकेच वाटते. चिरुटाचे वरचे पान वजनाने नगण्य, पण तेही तंबाखूच. पोटाबरोबर तेही जळते आणि ओठांना लागते तेही तेच.

हा साक्षात्कार मी उत्साहाने सौ.ला सांगितला. ती करंज्या लाटत होती.

“पारी बिघडली की सारण कितीही चांगले असो, करंजी फसलीच. हे कळायला अमेरिकेचा चिरूट लागला?”

सुट्टी संपली. ती मुलगी तोवर पास होऊन गेली होती. नव्या वर्गाला मी तिचा प्रश्न तिच्याच नावाने सांगितला. या वेळी कोणी हसले नाही, मीही नाही.