‘परत’ हा शब्द खोडू नका

उजनी जलाशयाच्या काठावरील एका गावी रूथच्या कथेवर नाट्यप्रवेश बसविण्याचे ठरले आणि त्याची संहिता आमच्याकडे तपासण्यासाठी आली. लेखन नेटके होते. मात्र पहिल्या अध्यायाच्या अखेरीस ‘परत आलेली रूथ’ हे शब्द खोडून तेथे ‘नामीबरोबर आलेली रूथ’ असे केलेले होते. कारण विचारता उत्तर मिळाले, “फादर, रूथ मवाबी. तिने बेथलेहेम जन्मात पाहिले नव्हते. मग ती परत कशी येईल? चूक होती, आम्ही सुधारली.”

ह्या सुधारणेविरुद्ध आमची तक्रार आहे, आणि ती केवळ त्या हौशी लेखकांविरुद्ध नाही. सुबोधतेच्या नावाखाली प्रवचनात आणि धर्मशिक्षणाच्या वर्गात आपण सारेच हा उद्योग करतो. आम्हीही केला आहे.

मूळ हिब्रूत येथे ‘शूव’ हा धातू आहे. परतणे, वळणे हा त्याचा अर्थ. रूथच्या पहिल्या अध्यायात वचने 22, आणि हा धातू येतो 12 वेळा. नामी परतावयास निघते. सुनांना ती माहेरी परत जा म्हणते. त्या म्हणतात, आम्ही तुझ्याबरोबर तुझ्या लोकांकडे परत येऊ. अर्पा परतते, रूथ मात्र परत जाण्याचा आग्रह करू नका म्हणून सासूला विनविते. मवाबकडे जाणे हेही परतणे आणि बेथलेहेमकडे जाणे हेही परतणेच. एकच क्रियापद दोन दिशांना ओढत राहते आणि ऐकणाऱ्यास विचारते, बाई, तुझे घर कोणते? बाविसाव्या वचनात उत्तर येते. नामी परतली हे सांगून झाल्यावर निवेदक तेच क्रियापद स्त्रीलिंगी एकवचनात पुन्हा योजतो आणि ते रूथला लावतो. ही लेखणीची घसर नव्हे. पुढच्याच अध्यायात कापणी करणाऱ्यांचा मुकादम बवाजाला तिची ओळख करून देतो, तेव्हा त्याच्या तोंडी हेच रूप आहे. सून परक्या मुलखात आली नाही, ती स्वगृही परतली, असा हा निवाडा आहे. आणि तो कोणत्याही प्रवचनातून नव्हे, क्रियापदातून दिलेला आहे.

आणखी एक स्थळ पाहा. हिब्रू क्रियापदाला प्रयोजक रूप आहे; आपल्या मराठीतही परतणे आणि परतविणे अशी जोडी आहेच. भरल्या ओटीने गेले होते, पण देवाने रिकाम्या हाताने परतविले, असे गाऱ्हाणे नामी मांडते. चौथ्या अध्यायात शेजारणी तिच्या मांडीवरच्या नातवाला प्राण परतविणारा म्हणतात. धातू तोच, प्रयोजक रूपही तेच. गाऱ्हाण्याला तेथे उत्तर मिळते. आता कोणी ‘धीर देणारा’ असे गोड भाषांतर केले, तर अर्थ बिघडत नाही, पण उत्तर मात्र हरवते.

यावर आम्हांस सांगण्यात येते की व्याकरण सेमिनरीसाठी असते, श्रद्धावंतांना भाव पुरे. बारावे पायस ह्यांनी 1943 मध्ये मूळ भाषांच्या अभ्यासाचा पुरस्कार केला, तो काय केवळ प्राध्यापकांच्या करमणुकीसाठी? याच पुणे-सोलापूर लोहमार्गावरील केडगावी पंडिता रमाबाईंनी हिब्रू व ग्रीक शिकून मूळावरून अवघ्या बायबलचा मराठी अनुवाद केला. तो त्यांच्या निधनानंतर, 1924 मध्ये, पूर्ण छापून निघाला. त्या आपल्या पंथाच्या नव्हत्या, म्हणून त्यांचे नाव घेण्यास आम्ही कचरत नाही. त्या श्रमांत गुंतलेल्या बाईंना भाव कमी होता, असे कोण म्हणेल?

प्रत्येक हिब्रू वाक्यारंभीचा ‘आणि’ मराठीत जसाच्या तसा उतरवावा, असा आमचा हट्ट नाही. त्याने वाचकाला धाप लागते. पण जो शब्द निवेदकाने मुद्दाम 12 वेळा घोळविला, तो शब्द कंटाळवाणा म्हणून बदलण्याचा अधिकार आपणांस कोणी दिला?

आणि ही शंका उजनीकाठी निघावी, याचे आम्हांस अधिक नवल वाटते. 1980 मध्ये धरण पुरे झाले आणि भीमेकाठची गावे पाण्याखाली गेली. केत्तूर, कुगावची वस्ती उठून नव्या गावठाणात बसली. दुष्काळी उन्हाळ्यात पाणी ओसरले की पलीकडे पळसदेवचे जुने मंदिर उघडे पडते आणि माणसे चिखल तुडवीत आपापल्या घरांची जोती शोधू लागतात. त्यांच्याबरोबर नव्या गावठाणात जन्मलेली मुलेही असतात. सायंकाळी ती सांगतात, “आम्ही आमच्या गावाला परत गेलो होतो.” ज्या घरात ती एक रात्रही निजली नाहीत, त्या घराविषयी हे बोलणे. तेथे कोणी त्यांना विचारीत नाही की बाळांनो, तुम्ही परत कसे जाल.

संहिता आम्ही पाठवून दिली आहे. खोडलेला शब्द वर शाईने पुन्हा लिहिला आहे, आणि रूथचे काम करणाऱ्या मुलीने तो जरा सावकाश उच्चारावा, अशी सूचना समासात केली आहे.