एका आकड्याची भुरळ

बारावीचा निकाल लागला, की संगणकशास्त्राला जाऊ इच्छिणाऱ्या मुलांचे पालक माहितीपत्रकांचा गठ्ठा घेऊन आम्हांकडे येतात. प्रश्न ठरलेला : कोणत्या विद्यापीठाचे ‘पॅकेज’ मोठे? आम्हांला हा प्रश्नच मुळात चुकीचा वाटतो. जाहिरातीतील सर्वोच्च वेतन एकाच विद्यार्थ्याचे असते. उरलेल्या शेकडो मुलांविषयी जाहिरात मौन पाळते, आणि आपला मुलगा बहुधा त्या शेकड्यांत असणार!

2016 पासून केंद्र सरकार एनआयआरएफ क्रमवारी प्रसिद्ध करीत आले आहे. तीत भाग घेणाऱ्या संस्थांनी पुरविलेल्या माहितीत मध्यक वेतन असते, उच्च शिक्षणाकडे वळलेल्यांची संख्या असते आणि अध्यापकांची यादीही असते. लाखो रुपये शुल्क भरणारे किती पालक ती उघडून पाहतात?

अध्यापकांचा उल्लेख आम्ही हेतुपुरस्सर केला. 2024 मध्ये अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेने चांगल्या ठरलेल्या संस्थांना प्रवेशसंख्येच्या कमाल मर्यादेतून मोकळे केले. वर्ग एका ठरावाने वाढविता येतात. त्यांत शिकवू शकणारा माणूस कोठून आणणार? प्रवेशद्वारावर झळकणारी ‘नॅक’ची श्रेणी संपूर्ण संस्थेची असते, विशिष्ट शाखेची पारख एनबीए करते. हा भेद पालकांना सांगण्यात कोणाचाच लाभ नाही, म्हणून तो सांगितला जात नाही.

संस्था पाहावयास गेलात, तर वातानुकूलित सभागृह अगत्याने दाखविले जाईल. तुम्ही दुसऱ्या वर्षाचा एखादा विद्यार्थी गाठा आणि विचारा : ऑपरेटिंग सिस्टिम कोण शिकवितात? गेल्या वर्षीही तेच होते काय?