झडतीत काढून घेतलेली गोळी

पोलीस कोठडीतून तुरुंगात येताना माणसाची झडती होते. खिशातली गोळ्यांची पट्टी तिथेच काढून घेतली गेली आणि डॉक्टरांची चिठ्ठी घरीच राहिली असली, तर अपस्माराच्या रुग्णासाठी पहिले दोन-तीन दिवसच सर्वांत घातक. फिटची औषधे एकाएकी थांबली की झटके उसळतात, एकामागून एक येऊही शकतात. त्यात अपुरी झोप आणि ताण. नवा कैदी दाखल होताच त्याच्या प्रकृतीची नोंद व्हावी, हे इंग्रजांच्या १८९४ च्या कारागृह कायद्यातही आहे. पण रात्री दहाला बराकीत फिट आली, तर त्या नोंदवहीचा काय उपयोग? तिथे असतो शिपाई आणि शेजारचे कैदी. ते कांदा हुंगवतात, दातांत चमचा घालतात, हातपाय दाबून धरतात. कधी ‘नाटक करतोय’ म्हणून दरडावलेही जाते. खरे तर त्याला कुशीवर वळवायचे, डोक्याखाली घडी घातलेली चादर सरकवायची, तोंडात काही घालायचे नाही आणि घड्याळ पाहायचे. झटका पाच मिनिटांवर गेला की रुग्णालय, परवानगीच्या कागदाची वाट न पाहता.

आपल्या तुरुंगांत बहुसंख्य कच्चे कैदी आहेत, म्हणजे गुन्हा सिद्ध न झालेले. अर्थात, सिद्ध झाला तरी शिक्षा कैदेची असते, औषध तोडण्याची नव्हे. कारागृह विभागाने प्रत्येक पाळीतल्या शिपायाला हे प्रथमोपचार शिकवावेत आणि फिटची गोळी पहिल्या रात्रीच कैद्याच्या हाती पडेल, अशी व्यवस्था करावी.